'वैयक्तिक' लिहून मोकळे होणारे

सोलापूर स्टेशनवर आई शेंगाचटणीचा डबा तिसऱ्यांदा पिशवीत नीट लावत होती. बाबा म्हणाले, "माणसं सांभाळायचं शिकायला चेन्नईपर्यंत कशाला जावं लागतं?" बाबांनी उभा जन्म गिरणीत हजेरी लिहिण्यात काढला. बी.कॉम., एम.बी.ए. आणि पुण्यातली तीन वर्षांची एच.आर.ची नोकरी झाल्यावर मुलगी पुन्हा विद्यार्थिनी होते, हे त्यांना पटत नव्हतं. आई रडली. मीही ओढणी डोळ्यांना लावली.

पुण्यात नोकरी सोडणाऱ्यांच्या मुलाखती घेणं माझं काम होतं. जो तो कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहून मोकळा व्हायचा. खरं कारण काय, हा किडा तिथेच डोक्यात शिरला आणि पुढे पीएच.डी.चा विषय झाला: गाव सोडून आलेली माणसं नोकरीत का टिकतात, का सोडून जातात.

इथे चेन्नईत, सिरुसेरीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत प्रश्नावली घेऊन गेले. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात ओळखपत्र, सोबत तिथले मॅनेजर. झालं! सगळ्यांनी सगळीकडे 'पूर्ण सहमत'वर खूण केली. एच.आर.मध्ये मुरलेल्या बाईला एवढं कळू नये? गाइड मॅडम आधी हसल्या, मग म्हणाल्या की पुढच्या आढाव्यापर्यंत खरी उत्तरं आली नाहीत, तर विषय बदलावा लागेल.

माझ्या घरमालकीण सरस्वतीबाई तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. कॉफी पुढे ठेवत म्हणाल्या, "अस्कींना विचारतीस मा. तुझं पहिलं सांग की." अस्की म्हणजे त्यांच्या मराठीत सगळे.

मग मी मॅनेजरना लांबूनच नमस्कार केला आणि कंपनीबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. पहिल्याच दिवशी जळगावची एक इंजिनिअर भेटली. तिला म्हटलं, "घर सोडताना मला रडू आलंच नाही गं. गाडी सुटली, ओढणीची घडी केली आणि वडा खाल्ला. कुठे चाललीस, कधी येणार, असं कुणी विचारणार नाही तिथे मला राहायचं होतं." ती पोट धरून हसली आणि तासभर बोलली. तिच्यामागून बाकीचेही आले. विषय वाचला.

पण बोलून झालं की प्रत्येक जण मलाच विचारतो, "ताई, तुम्ही परत जाणार?" मी काहीतरी गुळमुळीत सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तेव्हा आईबाबा, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच ऐका: प्रबंध झाला तरी मी परत येणार नाही. इथली नोकरी बघणार आहे. मला हे शहर आवडतं. पेरुंगुडीच्या बसमध्ये आता मी 'जरा सरका' हे तमिळमध्ये ठणकावून सांगते आणि लोक सरकतात. तुमची आठवण येते, फार येते. पण मी इथे मजेत आहे, हेही तितकंच खरं.

दिवाळीला तुम्हीच या. बाबा सरस्वतीबाईंशी वाद घालतील. आई, तू माझ्या स्वयंपाकघराला नावं ठेवशील, मी चिडेन, तू रुसशील. एवढं एकदा झालं, की ही भाड्याची खोली माझं घर होईल.