सशाच्या कानापर्यंत गेलेली चीर

“हात धुतलेस?”

काकूंच्या दिवसाची सुरुवात या प्रश्नाने व्हायची. गुड मॉर्निंग, काल केवढा पाऊस झाला, ट्रेन लेट होती, हे सगळं नंतर. इंग्लंडमधल्या रीडिंग या गावी आमच्या लायब्ररीत जुन्या पुस्तकांची वेगळी खोली होती आणि तिच्या दाराशी काकूंचं टेबल. आत येणारा कोणीही असो, विद्यार्थी की प्रोफेसर, काकू त्याला तळवे पुढे करायला लावत, उलटसुलट करून बघत आणि मानेनेच वॉशरूमकडे खूण करत. पीएचडी झालेली मोठमोठी माणसं निमूटपणे हात धुऊन येताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

मी तर पहिल्या दिवशी घरून पांढरे हातमोजे घेऊन गेले होते. सिनेमात बघितलं होतं ना! काकूंनी ते दोन बोटांत धरून माझ्या पर्समध्ये परत टाकले. “मोज्यात बोट आंधळं होतं. पान फाडशील. हात धू, कोरडे कर आणि ये.” मग माझं आडनाव वाचून मराठीत म्हणाल्या, “पुण्याची का? असू दे. शिकशील.”

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. नवरा एम-फोर हायवेच्या कडेच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी डिपेंडंट व्हिसावर आलेली, पुण्यातली बँकेतली नोकरी सोडून. घरात बसून भिंती बघण्याचा उबग आला म्हणून ही अर्धवेळ नोकरी धरली. काम काय, तर तळघरातून पुस्तकं आणायची, फोमच्या उशीवर ठेवायची आणि संध्याकाळी परत न्यायची.

काकू साठीच्या उंबरठ्यावर. ठेंगण्या, पँटवर राखाडी कार्डिगन, कपाळावर बारीक टिकली. काका जाऊन सात वर्षं झाली होती. टिकलीवरून देवळातली कोणीतरी बाई काही बोलली, तर काकू म्हणाल्या, “ही मला आईने लावलीय. ती सांगेल तेव्हा काढते.” मूळच्या सांगलीच्या. चाळीस वर्षं या देशात काढली, तरी बोलण्यातला ‘की’ काही सुटला नव्हता. “होय की.” “नाही की.” आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे “बघू की!” तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल, ज्याने हे दोन शब्द उच्चारले की समजावं, आता हे माणूस काही सोडत नाही.

त्या वर्षी लायब्ररीने एक काम हाती घेतलं होतं. सतराव्या शतकात लंडनमध्ये एक छापखानेवाला होऊन गेला. फार मोठा नव्हे, गल्लीतला. प्रवचनं, पंचांगं, गुरांच्या रोगांवरचं एक पुस्तक, सुइणींसाठी एक, फाशी गेलेल्या दरोडेखोराचं कवन, जे मिळेल ते छापायचा. त्याची बरीचशी पुस्तकं आमच्या तळघरात होती, म्हणून त्याने आयुष्यात काय काय छापलं याची पक्की यादी आम्ही करायची होती. ती वसंत ऋतूत सगळीकडच्या लायब्रऱ्यांना जाणार होती. एकदा गेली की पुढे पन्नास वर्षं तिला कोणी हात लावणार नव्हतं.

यादीत या छापखानेवाल्याच्या नावावर चाळीस पुस्तकं होती, आणि त्याच्या बायकोच्या नावावर एक.

बायकोचं नाव प्रुडन्स. नवरा गेल्यावर तिने सात वर्षं एकटीने छापखाना चालवला, हे कागदोपत्री नोंदलेलं होतं. पण तिचं नाव छापलेलं पुस्तक एकच, तेही मुरांबे कसे करावेत याचं.

“सात वर्षांत बाईने मुरांब्याचं एक पुस्तक छापलं,” काकू म्हणाल्या, “आणि उरलेला वेळ काय मुरांबे खात बसली?”

साल न छापलेली चौदा पुस्तकं होती. सगळ्यांवर नवऱ्याच्या नावाची आद्याक्षरं, म्हणून ती नवऱ्याच्या पदरात गेलेली. काकूंचं म्हणणं, नवरा मेल्यावर दुकानाची पाटी कोण बदलतं? नाव चालत असतं, तेच चालू ठेवायचं. या चौदांतली निम्मी तरी प्रुडन्सबाईची असणार.

आमचे कॅटलॉगचे प्रमुख म्हणजे एक उंच, किंचित वाकलेले, कमालीचे सभ्य इंग्रज गृहस्थ. काकू त्यांना माझ्याशी बोलताना ‘मास्तर’ म्हणायच्या. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. “शक्य आहे,” ते म्हणाले, “पण पुरावा?”

“बघू की,” काकू चक्क मराठीतच म्हणाल्या.

पुरावा त्यांनी शोधला तो नक्षीत. या छापखान्याच्या बऱ्याच पुस्तकांत पहिल्या पानाच्या माथ्यावर एक लाकडी ठसा उठवलेला असे. मधे फुलांची कुंडी, दोन बाजूंना दोन ससे. हा ठसा तडकलेला होता. कुंडीच्या तळापासून एक बारीक पांढरी चीर निघून डाव्या सशाकडे गेलेली. काकूंचा हिशेब सरळ होता. लाकूड वर्षानुवर्षं दाबाखाली येतं, चीर वाढत जाते. म्हणजे जितकी चीर रुंद, तितकं पुस्तक उशिराचं. भिंग आणि पट्टी घेऊन त्या तीन महिने बसल्या. टी-ब्रेकला सगळे कँटीनला जायचे, काकू सशाजवळ. मी एकदा म्हटलं, “काकू, ती विधवा, तुम्हीही... म्हणून एवढं लागलंय का तुम्हाला?”

भिंगातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो एवढा मोठा डोळा मला अजून आठवतो. “मूर्ख आहेस. तिचं काम चांगलंय म्हणून. ओळी बघ, कुठे अक्षराचा एक खिळा वाकडा नाही. नवऱ्याच्या वेळी बघ, नुसती बोंब.”

रुंदीप्रमाणे लावलेली काकूंची यादी झाली. मास्तरांनी ती वाचली आणि तळघरातून एक पुस्तक मागवलं. त्यावर साल छापलेलं होतं. काकूंच्या रुंदीच्या हिशेबाने ते पुस्तक छापील सालाच्या सहा वर्षं आधीचं ठरत होतं. म्हणजे सगळंच मुसळ केरात! “लाकूड आहे,” मास्तर हळूच म्हणाले. “चीर उघडते, मिटते. तिच्यावर विसंबता येत नाही. आय ॲम सो सॉरी.” त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. काकूंनी सगळे कागद गोळा केले, पेन्सिलीला टोक केलं आणि ती न वापरताच ठेवून दिली. त्या दिवशी त्यांनी कोणाचेही हात तपासले नाहीत. मला इतकं कसंतरी झालं की मी जाऊन आपणहून तळवे दाखवून आले.

पुढच्या शनिवारी त्यांना जेवायला बोलावलं. थालीपीठ करता करता मी आपली घराचं रडगाणं गात होते. “या मागच्या दाराने वैताग आणलाय हो. उन्हाळ्यात फटीतून बोट जात होतं, आणि आता पाऊस लागल्यापासून असं फुगलंय की लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. एजंटला फोन करून थकले.”

काकूंचा घास हातात राहिला. “परत सांग.”

“एजंट फोन उचलत...”

“एजंट गेला खड्ड्यात. दाराचं सांग.”

मी परत सांगितलं. काकू उठल्या, दाराशी गेल्या, चौकटीवर बोट फिरवत उभ्या राहिल्या. “आमचा गणपती पावसाळ्यात बरा व्हायचा,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, झालं, काकूंचं डोकं फिरलं.

मग बसून त्यांनी सांगितलं. सांगलीला त्यांच्या वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, हँडबिलं. पत्रिकेवरचा गणपती आजोबांच्या वेळचा, सागवानी ठसा, तडकलेला. उन्हाळ्यात चीर अशी रुंद दिसायची की वडील म्हणायचे, पाहुणे म्हणतील फुटका गणपती छापला. पाऊस सुरू झाला की लाकूड फुगायचं आणि चीर जवळजवळ मिटायची. “मिटायची गं, पण मागे नाही जायची! आधी पाटावर होती, मग उंदरापर्यंत आली, मग पोटावर, मग सोंडेपर्यंत. सोंडेपर्यंत आली की आलीच. मी मूर्ख, रुंदी मोजत बसले. टोक बघायला पाहिजे. टोक कुठे पोचलंय ते.”

त्याच दुपारी माझ्या फोनवरून सांगलीला भावाला फोन. “माळ्यावरचा डबा काढ. जुन्या पत्रिका. सगळ्या पाठव. नाही, उद्या नाही, आज.”

यादी छापायला जायला तीन आठवडे उरले होते. काकू रोज पोस्टमनची वाट बघायच्या. सोळाव्या दिवशी रजिस्टर्ड पाकीट आलं. सात पत्रिका, गुलाबी आणि पिवळ्या, कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लागलेली. काकूंनी त्या लायब्ररीत आणल्या आणि मास्तरांच्या टेबलावर मांडल्या. मास्तर उत्सुकतेने एक उचलायला गेले.

“हात धुतलेत?” काकूंनी इंग्रजीत विचारलं.

मास्तर उठले, गेले, हात धुऊन आले. मी हसू दाबायला तळघराच्या जिन्यात पळाले.

परत आले तेव्हा काकू सांगत होत्या, “तुम्हाला मराठी वाचता येत नाही, ते बरंच आहे. तारखा आहेत, पण तुम्हाला कळणार नाहीत. रुंदी विसरा. चिरेचं टोक कुठवर गेलंय तेवढं बघा आणि क्रमाने लावा.”

मास्तरांनी भिंग घेतलं. पाट, उंदीर, पोट, सोंड. एकेक पत्रिका उचलत, परत ठेवत, त्यांनी वीस मिनिटं लावली. मी उभ्या उभ्या ओढणीचं टोक पिळत होते. शेवटी ते मागे टेकले. काकूंनी मला पुढे ढकललं. “तू वाच. मी वाचलं तर म्हणतील पदरचं सांगते.”

मी साल वाचत गेले. पहिली, दुसरी, तिसरी. दोन ठिकाणी आधीच्या पत्रिकेची चीर चांगली रुंद होती आणि नंतरच्या पत्रिकेची केसासारखी बारीक. चैत्रातलं लग्न आणि आषाढातलं. पण टोक दरवेळी पुढेच सरकलेलं. सातही पत्रिका बरोबर क्रमाने लागल्या होत्या. मास्तरांनी भिंग पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “ससे आणा.”

चौदा पुस्तकं आम्ही तिघांनी मिळून परत तपासली. नवऱ्याच्या हयातीत, अगदी शेवटच्या वर्षी छापलेल्या पुस्तकात चीर सशाच्या पंजापर्यंत पोचली होती. चौदांपैकी नऊ पुस्तकांत ती पंजा ओलांडून पाठीवर गेलेली, शेवटच्या दोहोंत थेट कानापर्यंत. ती नऊ प्रुडन्सबाईची. उरलेली पाच पंजाच्या अलीकडची. मला वाटलं काकू हिरमुसतील. “पाच त्याची,” त्या म्हणाल्या, “त्याची त्याला. उगाच दुसऱ्याचं कशाला घ्या?”

कॅटलॉगचा एक नियम आहे. पुस्तकावर जे छापलेलं नाही, पण पुराव्याने माहीत आहे, ते चौकटी कंसात लिहायचं. नऊ नोंदी मी टाइप केल्या. नऊ वेळा चौकटी कंस, आत प्रुडन्सचं नाव. काकू माझ्या खांद्यावरून एकेक कंस तपासत होत्या. मास्तरांनी विचारलं, शोध तुमचा, तळटीपेत तुमचं नाव घालू ना? काकूंनी हात झटकला. “यादी छापखानेवाल्यांची आहे ना? मी कोण? तिचं स्पेलिंग बघा नीट.”

बसस्टॉपवर मी पत्रिकांचं पाकीट सांभाळत उभी होते. दिवसभर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. सातही पत्रिकांच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक म्हणून भावाचं नाव होतं. “काकू, भाऊ तुमच्याहून लहान ना? तेव्हा केवढे होते?”

“सुरुवातीला चौथीत. शेवटी नववीत.”

“मग पत्रिकांचे खिळे कोण जुळवायचं?”

“कोण म्हणजे? बाबा गेले, चुलत्यांनी प्रेस भावाच्या नावावर केली. काम तर चालायला पाहिजे. भात काय आपोआप शिजतो?” त्यांनी पाकिटातली शेवटची, आषाढातली पत्रिका वर काढली. “ही माझ्या लग्नाची. माझी मीच जुळवलीय. हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत प्रेसमध्येच होते, तर बोटांची शाई निघता निघेना. आई हात घासून घासून रडली.”

“आणि तुमचं नाव?”

“मुलीचं कशाला घालतील? जाणार ती लग्न करून.” त्या रस्त्याकडे बघत होत्या. “सतरा नंबर आली बघ. पास काढ.”

बसमध्ये मी पाकीट मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. काकू मात्र शेजारणीच्या मांजराबद्दल बोलत होत्या.

दोनेक वर्षांनी त्या रिटायर झाल्या, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेल्या. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले, तर नर्सचे हात निरखत होत्या. त्यांची लेक इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. दिवस झाल्यावर ती माझ्या दारात आली, हातात तेच पाकीट. “आईने सांगितला होता, हे तुला द्यायचा,” ती म्हणाली. “मला वाचता येत नाही. यू विल नो व्हॉट टू डू.”

ती गेल्यावर मी पत्रिका जेवणाच्या टेबलावर काढल्या. आषाढातली वर ठेवली. गणपती, सोंडेपर्यंत गेलेली ती केसासारखी चीर, आणि खाली मुद्रकाच्या ओळीत नववीतल्या मुलाचं नाव. मी खूप रडले. मग पेन्सिल शोधली आणि तिला टोक केलं.

टेबलाशी बसले आणि परत उठले. हात धुतले, नीट कोरडे केले. मग त्या ओळीपुढे चौकटी कंस काढला आणि आत काकूंचं नाव लिहिलं, माहेरचं, पूर्ण.