तात्यांच्या खाटेवरचं विमान

आमच्या घरात विमानं मी बनवते आणि स्वयंपाक सुभेदार करतात.

सुभेदार म्हणजे माझे यजमान. उभी हयात पलटणीत काढलेला माणूस. साताऱ्यात घर बांधून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डबे उंचीप्रमाणे उभे राहिले, मसाल्याचं पाळं सावधान झालं, आणि मी बेकार! त्याच सुमारास आमचे चिरंजीव नोकरीसाठी पुण्याला गेले आणि माळ्यावर एक अर्धवट ग्लायडर ठेवून गेले. (ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. डोंगराला थटून वर येणाऱ्या वाऱ्यावर ते घारीसारखं तरंगतं, आपण कड्यावर उभं राहून रिमोटनं नुसतं वळवायचं.) टाकवेना म्हणून मी ते पुरं केलं, यवतेश्वरच्या पठारावर नेलं, डोळे मिटून भिरकावलं, आणि ते पडलंच नाही! तिथंच मी कामातून गेले.

लाकडी विमानं करून हात बसल्यावर मला फायबरच्या बॉडीचे डोहाळे लागले. आता ही बॉडी कशी करतात, तर मोदकासारखी. आधी साचा. साच्याला तुपाऐवजी मेण चोळायचं, उकडीऐवजी काचेच्या धाग्याचं कापड बसवायचं आणि त्यावर रेझिन नावाचा चिकट पाक थापायचा. मग सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंपानं आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे कापड साच्याला घट्ट चिकटतं. काही तासांनी पाक दगडासारखा कडक झाला की साच्यातून काढायचं. असे दोन अर्धे भाग जोडले की झाली बॉडी. ऐकायला सोपं आहे. मोदकही ऐकायला सोपेच असतात!

रविवारी पुण्या-कोल्हापूरकडची आमची हौशी मंडळी पठारावर जमणार होती. 'यंदा बॉडी घरीच केलेली आणते,' अशी फुशारकी मी मारून बसले होते. बायकांनी कशाला या फंदात पडावं, असं म्हणणारे दोघं-तिघं त्यात होतेच. त्यामुळे बॉडी रविवारच्या आत होणं हा माझ्या नाकाचा प्रश्न होता.

आणि नेमकी थंडी पडली. रात्री थापलेलं रेझिन सकाळी बघते तर काकवीसारखं गार आणि ढिम्म! ऊब द्यायला हवी होती. घरात सकाळचं ऊन फक्त बाहेरच्या खोलीत येतं, आणि तिथं खिडकीशी खाट आहे ती तात्यांची. तात्या म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडलेले, पण अजून उसाचं कांडं दातानं सोलणारे. गाव इस्लामपूरकडचं, थंडीपुरते आमच्याकडं येतात. त्या दिवशी ते सकाळीच कोरेगावला एका जुन्या दोस्ताकडं गेले होते आणि सुभेदार मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत. मैदान मोकळं!

मी साचा पिशवीसकट तात्यांच्या खाटेवर आडवा ठेवला. (लांबी साधारण आखडून झोपलेल्या माणसाएवढी.) दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या पिशव्या, वरून तात्यांची गोधडी. गोधडीखालून एक नळी काढली, ती मच्छरदाणीच्या खिळ्याला टांगलेल्या बाटलीत सोडली, जादा रेझिन पंपात जाऊ नये म्हणून. बाटलीतून दुसरी नळी पंपाला. पंप म्हणजे जुन्या फ्रीजचा कंप्रेसर, तो खाटेखाली घरघर करत होता. लांबून बघून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. लांबून ते कसं दिसतंय, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही!

मग मी परसात जाऊन आधीचा एक बिघडलेला भाग घासत बसले. फायबरची भुकटी डोळ्यांत गेली. डोळे लालभडक, पाण्याच्या धारा, नाक चोंदलेलं, घसा बसलेला. तेवढ्यात कुंपणावरून हाक आली, "सूनबाई, काय झालं गं?"

शेजारच्या शेवंताकाकू. माझ्या नणंदेच्या सासरच्या नात्यातल्या. नुकत्याच शेजारी राहायला आलेल्या, त्यामुळे माझ्या उद्योगांची त्यांना कल्पना नव्हती. येताना बाहेरच्या खिडकीतून डोकावून आल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, विचारतायत ते विमानाचंच.

"काय सांगू काकू," मी डोळे पुसत म्हणाले, "सकाळी उठून बघते तर एकदम गार!"

"आगं आई! मग?"

"मग काय, पांघरूण घातलं, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. आता कुठं कडक व्हायला लागलंय. पुरतं कडक झालं की बाहेर काढायचं."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "कुणाला कळीवलंस का न्हाई?"

"आत्ताच कशाला? रविवारी पठारावर न्यायचंच आहे, तेव्हा बघतील की सगळे."

"रविवारी? तवर घरात ठिवणार?"

"मग! घाई करून कसं चालेल? आधी घासूनपुसून पॉलिश करायचं."

काकू आल्या पावली वळल्या. मला वाटलं, बाईला विमानात रस नाही.

पुढचा भाग थापायला मी रेझिन कालवलं आणि फोन वाजायला लागला. एकदा कालवलेलं रेझिन कुणाच्या बापासाठी थांबत नाही. हातमोजे चिकट, फोन उचलणार कसा? वाजून वाजून तो बंद पडला. पुन्हा वाजला. पुन्हा पडला. लोकांना कामंधंदे नाहीत का, असं मी मोठ्यानं म्हटलंसुद्धा!

दुपारी हातात ब्रश, अंगात एप्रन अशी मी बाहेर आले, तर अंगणात माणसंच माणसं! आळीतले सगळे पुरुष टोप्या काढून उभे. बायका जोत्यावर. आणि फाटकाशी धूळ उडवत जीप थांबली, त्यातून माझी नणंद उतरली. मालनवन्सं. इस्लामपूरच्या. मनानं मऊ, आवाजानं कारखान्याचा भोंगा!

"वैनी! आगं, मला एक फोन तरी करायचास गं!"

माझे लाल, सुजलेले डोळे बघून त्यांनी मला मिठीच मारली. मी हात वर करून ओरडतेय, "वन्सं, चिकटेल! चिकटेल!" पण त्यांना ते माझ्या दुःखातलं बरळणं वाटलं. माझा एक हातमोजा त्यांच्या अंबाड्याला चिकटला तो तिथंच राहिला. तो पाच बोटांचा हात डोक्यावर घेऊन त्या घरात घुसल्या.

"तात्याऽऽ! मला न सांगता कसं वो गेलासा!"

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी खाटेवर अंग टाकलं. कडाड्! साचा मोडला. पिशवी फाटली. पंपानं असा काही सुस्कारा सोडला की दारातला एक जण किंचाळला, "आरं, जीव हाय अजून!"

"तात्या नाहीत ते!" मी ओरडले. "विमान आहे!"

सगळी खोली माझ्याकडं बघायला लागली. शेवंताकाकू हळूच बाजूच्या बाईला म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या."

तिकडं अंगणात काय चाललं होतं, ते मला मागाहून कळलं. तात्या कोरेगावहून परतले. आपल्याच दारात गर्दी बघून त्यांनी रिवाजाप्रमाणे टोपी काढली आणि मागच्या बाजूला मान खाली घालून उभे राहिले. थोड्या वेळानं पुढच्या माणसाला त्यांनी कानात विचारलं, "कोण गेलं रं?"

तो मागं न बघताच म्हणाला, "सुभेदाराचा म्हातारा."

तात्यांनी टोपी छातीशी धरली. मग म्हणाले, "कशानं?"

"थंडीनं म्हणं. सुनेनं गोधडी घातलीया, पर उपेग न्हाई झाला."

"आरं पर त्यो तर सकाळी भाकरी खाऊन कोरेगावला गेल्ता!"

"तुमाला काय ठावं?" म्हणत तो माणूस वळला आणि मटकन खालीच बसला.

पुढचा गोंधळ विचारू नका. कुणी तात्यांचे पाय उलटे आहेत का बघतंय, कुणी चिमटे काढतंय. तात्या खाटेपाशी आले. मालनवन्सं अजून आडव्याच होत्या, कारण त्यांना उठताच येत नव्हतं! त्यांच्या इरकली लुगड्याचा पदर अर्धवट ओल्या बॉडीत जाऊन बसला होता.

"मालन, ऊठ की," तात्या म्हणाले. "माजी खाट हाय ती."

वन्सं त्यांच्याकडं बघून हसल्या, रडल्या आणि मग माझ्याकडं बघून जे बोलल्या, ते लिहिण्यासारखं नाही. इतक्यात कॅन्टीनच्या पिशव्या घेऊन सुभेदार आले. त्यांनी गर्दी पाहिली, बहीण पाहिली, तिच्या डोक्यावरचा हात पाहिला, आणि फक्त विचारलं, "किती जणांचा चहा टाकायचा?"

त्यांनीच शेवटी कात्रीनं पदर कापून वन्संना मोकळं केलं. पदराचा हिरवा तुकडा बॉडीतच राहिला. मी मान खाली घालून उभी होते. खरं सांगते, तेव्हा हसू येत नव्हतं. इस्लामपूरपासून इथवर त्या बापासाठी रडत आल्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं, म्हटलं, "वन्सं, चुकलं माझं. पुन्हा कधी हात नाही लावणार विमानाला."

"आता सोडतीस व्हय?" त्या नाक पुसत म्हणाल्या. "माजं लुगडं घालवलंस आन आता उडवणार न्हाईस? उडवायचं! मी रविवारपतूर हितनं हालत न्हाई."

वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दारात धाकटे दीर उभे! त्यांचं सोनं गाळायचं दुकान तिकडं तमिळनाडूत, सेलमला. बातमी कळल्याबरोबर ते निघाले, वाटेत फोनची बॅटरी संपली, आणि आपण क्रियाकर्माला उशिरा पोचणार म्हणून त्यांनी स्टँडजवळच डोकं आणि मिशी दोन्ही उतरवलं होतं. दार उघडलं तात्यांनी.

दीर पांढरेफटक. तात्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मी जित्ता असताना मिशी काढलीस?" दिरांनी तिथंच पायावर लोळण घेतली, आणि तात्यांनी तुळतुळीत डोक्यावर हात फिरवत म्हटलं, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आंघूळ कर जा."

रविवारी सगळं खटलं पठारावर. बॉडी मी कशीबशी जोडली होती आणि तिला जुन्या लाकडी विमानाचे पंख बसवले होते. मोडक्या साच्यामुळे ती तवसं काकडीसारखी वाकडी झाली होती आणि पोटावर इरकलीचा काठ. मंडळी बघून गालातल्या गालात हसली. मी देवाचं नाव घेतलं आणि फेकली.

ती उडाली! वाऱ्यावर अलगद चढली, आणि मालनवन्सं सगळ्या पठाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "त्ये बघा, माजं लुगडं उडतंय!" तात्यांनी शिट्टी वाजवली. दीर मिशीच्या जागेवर ताव देत होते. माझी छाती फुगली.

वाकड्या बॉडीमुळे विमान फक्त डावीकडंच वळतंय, हे मला जरा उशिरा कळलं. मी रिमोट उजवीकडं दाबतेय, विमान डावीकडं. असा भला मोठा गोल घेऊन ते मागून आलं. "वैनी, मागं बघा!" दीर ओरडले. मी कधी नव्हे ते कुणाचं तरी ऐकलं आणि मागं बघितलं. बघायला नको होतं!

संध्याकाळी सुभेदारांनी घरातच लष्करी शिस्तीत चौकशी बसवली. साक्षी झाल्या, विमान तपासलं गेलं, वाऱ्याचाही विचार झाला. मग ताठ उभं राहून त्यांनी निकाल वाचला: वाऱ्यात दोष नाही, साहित्यात दोष नाही, सगळा दोष चालकाच्या डोक्यात. आणि डोक्यात नेमका कुठं, हे शोधायची कुणाला गरज पडली नाही. कपाळावर एवढं मोठं टेंगूळ आलं होतं!