पडद्यावरच्या आईचं वाक्य

डबिंगच्या धंद्यात तिला लहानथोर सगळे आत्या म्हणत. परक्या सिनेमातल्या बाईच्या ओठांवर आपल्या भाषेतले शब्द बसवायचे, हे तिचं काम. राण्या झाल्या, चेटकिणी झाल्या, कजाग सासवा झाल्या. एकदा तर बोलणारी म्हैसही वाट्याला आली. "म्हशीचं काम सगळ्यांत बरं," आत्या म्हणायची. "कसं हंबरायचं ते शिकवायला कुणी येत नाही."

यंदाच्या सिनेमात कॉलेजात नुकत्याच गेलेल्या दोन मुली होत्या आणि एकीचा दुसरीवर पहिल्यांदाच जीव जडला होता. आत्याकडे होती त्या मुलीची आई. शेवटच्या प्रसंगात मुलगी रडत सगळं कबूल करते, आणि आई तिच्यापुढे ताट सरकवून म्हणते, "तुझं तिच्यावर प्रेम आहे, हे मला तुझ्याआधी कळलं होतं. लाजू नकोस. जेवून घे."

त्या वाक्यासाठी आत्या आठवडाभर घसा जपत होती. बाकीचं सगळं बोलून झालं होतं. शेवटच्या दिवशी ती माइकसमोर उभी राहिली, तर समोरच्या कागदावर वाक्य निराळंच. 'हे खूळ आहे पोरी. वय सरलं की उतरेल.'

"हे कुणी लिहिलं?" तिनं काचेपलीकडे विचारलं.

"मालकांनी," रेकॉर्डिंगवाला भाऊ खाली बघत म्हणाला.

मालक आत आले. "आत्या, घरची मंडळी एकत्र बसून बघतात हो. जरा सांभाळून घ्यायला लागतं."

"त्या दोघी एकमेकींना मिठी मारून रडतात, ते दिसणारच आहे ना लोकांना?"

"दिसू दे की. दिसलं त्याचं काही नसतं. मैत्रिणी म्हणून चालून जातं. आईच्या तोंडून शब्द आला, की पटलं असं होतं."

आत्याची कानशिलं तापली. मालकांनी लबाडीतही खरं तेच सांगितलं होतं. पोरींनी रडावं, झुरावं, नदीत उडी घ्यावी, त्याला कुणाची ना नाही. तिकिटं उलट जास्त खपतात. फक्त एका आईनं हो म्हणायचं नाही.

आणि हे नवं वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. तरुणपणी शिवणवर्गात तिला आणि एका मैत्रिणीला मिळून एक मशीन असायचं. एकीनं पाय मारायचा, दुसरीनं कापड सरकवायचं. पाय आणि हात असे जुळले, की बाई म्हणायच्या, तुमची शिवण एकाच बाईची वाटते. घरी दोघींचं कळलं तेव्हा आईनं आरडाओरडा केला नाही. केस विंचरता विंचरता अगदी मायेनं म्हणाली, वय सरलं की उतरेल. महिन्याभरात लग्न उरकलं. नवरा वाईट नव्हता; म्हणून तर कुणापाशी रडायचीही सोय राहिली नाही. तो गेला, केस पिकले, वय सरलं. उतरलं काही नाही.

"हे मी बोलणार नाही," आत्या म्हणाली.

"अहो, एक वाक्य आहे!"

"एकच होतं माझ्याही वेळी."

"मग दुसरीकडून घेतो."

"घ्या. अख्ख्या सिनेमाभर आई माझ्या आवाजात बोलते. शेवटी तिला नवा गळा फुटला, तर थेटरात शिट्ट्या पडतील."

"हट्टाला पेटू नका. उद्या थेटरांना कॉपी जायची आहे. पुढं काम मिळणार नाही!"

"म्हैस आली तर कळवा," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवून निघाली.

सिनेमा लागला. मालकांनी त्या वाक्याचं काय केलं ते बघायला आत्या तिकीट काढून दुपारच्या खेळाला गेली. हॉल बऱ्यापैकी भरला होता. पडद्यावरच्या आईला आपल्या गळ्यानं रागावताना, हसताना ऐकत ती मधल्या रांगेत बसली. शेवटचा प्रसंग आला. मुलगी रडली. आईनं ताट सरकवलं, तिचे ओठ हलले, आणि आवाजच नाही. वर नुसतं सारंगीसारखं काहीतरी रडत होतं. मालकांनी आईला मुकी करून टाकली होती.

आत्याच्या अंगाची लाही लाही झाली. ती उठून उभी राहिली. घशात माइकची सवय होती, पण छातीत रग होती. पडद्यावरचे ओठ मिटायच्या आत, पहिल्यापासून सगळे ऐकत होते त्याच आवाजात, ती खणखणीत म्हणाली, "तुझं तिच्यावर प्रेम आहे, हे मला तुझ्याआधी कळलं होतं. लाजू नकोस. जेवून घे."

अख्ख्या हॉलची मान वळली. मागून एक पुरुष खेकसला, "ओ बाई, खाली बसा! मध्येच काय बोलता?"

"मध्येच नाही," आत्या म्हणाली. "हे माझंच वाक्य आहे. वगळलं होतं."

पुढच्या रांगेतली एक मुलगी वळून तिच्याकडे बघत होती. तिच्या शेजारी तिची आई होती, आणि आईनं मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. आत्यानं त्या आईच्या डोळ्यांत डोळे घातले आणि खाली बसली नाही.