ज्याने बॉनेट उघडले

माझा थोरला भाऊ एकवीस वर्षे आपल्या सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये राबतो आहे. 'काम करतो' असे मी म्हणत नाही. काम करणाऱ्याला निदान सुटीचा वार ठरलेला असतो. लग्न ठरले तेव्हा सासरे म्हणाले होते, "दोन-चार महिने हाताशी राहा, मग तुमचं तुम्ही बघा." त्या दोन-चार महिन्यांत दादाचे केस पिकले.

त्या गॅरेजचा एक नियम आहे: ज्याने बॉनेट उघडले त्यानेच ते बंद करायचे, गाडी अर्धवट टाकून जायचे नाही. नियम चांगला आहे. वाईट इतकेच, की त्याचा उपयोग सासऱ्यांना पुरता कळला आहे. दादाने सुटण्याचा विषय काढला की त्याच्यापुढे एखादी गाडी येऊन उभी राहते. "जरा ऐकून तर बघा," असे म्हटले जाते. दादा ऐकतो, बॉनेट उघडतो, आणि विषय तिथेच संपतो.

यंदा मी कंबर कसली. तंत्रशाळेत इंजिनाचे काम शिकवणाऱ्याची जागा निघाली होती. मी शाळामास्तर; अर्ज मीच लिहिला, कारण 'अनुभव' या रकान्यात दादाला 'गॅरेज' याखेरीज शब्द सुचला नव्हता. त्याची निवड झाली. शुक्रवारी पाचपर्यंत मूळ कागदपत्रांसह स्वतः हजर राहायचे, अन्यथा जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराची.

शुक्रवारी दोन वाजता मी फाईल घेऊन पोहोचलो. दादा हात धुऊन, धुतलेला शर्ट घालून तयार होता. तेवढ्यात सासऱ्यांनी स्वतःची गाडी आणून नेमकी दारात उभी केली. इंजिन चालू होते आणि गाडी हिव भरल्यासारखी थरथरत होती.

"जावईबापू, उभी राहिली की अशी करते. जरा ऐका."

"मामा, आज मला पाचला तिकडे..."

"ऐकायला पाच वाजतात होय?"

"दादा, हात लावू नकोस," मी म्हणालो.

"मास्तर, तुम्ही बसा," सासरे म्हणाले. "तुमची फाईल काही थरथरत नाही."

"हात कुठे लावतोय, कान लावतोय," असे म्हणत दादाने बॉनेट उघडले.

त्याने इंजिनाच्या चारही प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि पुन्हा बसवल्या. प्रत्येक वेळी इंजिन सारखेच खचले. "चौघेही सारखेच राबतायत," तो पुटपुटला. "घोडं दुसरीकडे पेंड खातंय." मग त्याने थोडी रेस दिली, थरथर नाहीशी झाली. सोडताच परत आली. "पळताना लपतं, उभं राहिलं की दिसतं. कुठून तरी चोरून हवा आत जातेय."

रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून त्याचे दुसरे टोक तो इंजिनाच्या सांध्यांवरून फिरवू लागला. एके जागी थांबला. "आत बस आणि ब्रेक दाब," मला म्हणाला. दाबला, पायाखाली दगड असावा तसा घट्ट लागला, आणि इंजिनाचा आवाज बदलला. "सोड. परत दाब. सापडलं." ब्रेकला जोर पुरवणारी जाड नळी वळणावर, खालच्या अंगाने चिरली होती. त्याने पेटीत जपून ठेवलेला कंपनीच्या नळीचा नवा तुकडा काढून बसवला. पावणेचारला इंजिन इतके शांत चालू लागले की ते बंद पडले की काय, म्हणून मी किल्लीकडे पाहिले. बॉनेट बंद झाले. मी फाईल उचलली.

दादा मात्र काढलेला तुकडा बोटांत चोळत उभा होता. बोटे काळी झाली होती.

"ही पेट्रोलची नळी आहे," तो म्हणाला. "ब्रेकला चालत नाही. भुसभुशीत होते, मग चिरते. मीच बसवलीय."

दीड वर्षापूर्वी सासऱ्यांनी या नळीचे अख्खे भेंडोळे आणले होते. मापाला बसली म्हणजे झाले, हे त्यांचे शास्त्र. "मामा, ब्रेकची वेगळी असते," असे दादा एकदा म्हणाला, आणि मग मुकाट्याने कापत राहिला. भीड ही भिकेची बहीण, हे मी त्याला शाळेत असल्यापासून ऐकवत आलो आहे.

"किती गाड्या?"

"ही धरून अकरा."

"उद्या बघ."

"आज संध्याकाळी कोणाचा ब्रेक असा दगड झाला तर?"

मी सासऱ्यांकडे वळलो. "भेंडोळं तुमचं होतं ना?"

ते शांतपणे आपल्या गाडीची काच पुसत होते. "मला त्यातलं काय कळतंय, मास्तर? बॉनेट कोणी उघडलं होतं?"

दादा फोनवर बोलू लागलाच होता. "गाडी आहे तिथेच उभी करा. नाही, चालवत आणू नका. मीच येतो." दहाही जणांना त्याने हेच सांगितले.

"फोन झाले ना? मग आता चल," मी म्हणालो.

"तिघे रस्त्यात उभे आहेत रे. माझ्या शब्दावर."

पेटी उचलून तो बाहेर पडला. एकवीस वर्षांत भर दुपारी त्या दारातून बाहेर पडताना मी त्याला प्रथमच पाहत होतो, आणि तंत्रशाळा नेमकी उलट दिशेला होती.

पाचला पाच मिनिटे कमी असताना मी कागद घेऊन तिथल्या खिडकीपाशी पोहोचलो. कारकुनाने पत्रातल्या 'स्वतः' या शब्दावर पेन्सिल टेकवली. मी बरेच बोललो. पेन्सिल हलली नाही.

दहावी गाडी रविवारी दुपारी पुरी झाली. संध्याकाळी दादाने विचारले, "तिकडे काय झालं?"

"पुढच्याला बोलावलं."

"त्याला येत असेल ना काम?"

"मला काय ठाऊक."

त्याने खिशातून गाड्यांचे नंबर लिहिलेला चुरगळलेला कागद काढला. "ती फाईल आता रिकामी असेल तर दे. ही यादी ठेवायला होईल. महिन्याभराने सगळ्यांच्या नळ्या पुन्हा बघायच्यात."

मी आतली प्रमाणपत्रे काढून घेतली आणि फाईल त्याला दिली.