जस्ताची बादली

तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकायला माणसाला दुसरी जागा मिळत नाही का हो? आमचे साहेब थुंकायचे ते नेमके मी काचसामान धुवायचे त्याच बेसिनमध्ये. ऐंशी सालानंतरची गोष्ट सांगते. नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मी धुण्या-पुसण्याला होते. मे महिना, उंदरांच्या पिंजऱ्यांचा वास, कूलरच्या कुजक्या वाळ्याचा वास, आणि वरून ते लाल बेसिन.

तिथे उमरेडहून येस्टीने येणारी एक पोरगी प्रबंधासाठी काम करायची. उंदराचं मुंडकं उडवायचं, मेंदूची पातळ चकती कापून मिठाच्या पाण्यात ठेवायची, बारीक तार लावून एकेका पेशीची टकटक भोंग्यातून ऐकायची. हे रोजचं. मला किळस यायची, पण ती समजावायची छान.

"मावशी, मेंदूत मधल्या बारक्या पेशी असतात. बाकीच्यांना आवरायचं त्यांचं काम. त्या एक रसायन सोडतात, ते समोरच्या पेशीच्या दाराला लागलं की ती गप्प. अन् या आवरणाऱ्यांनाही तशीच दारं. त्या एकमेकींनाही आवरतात."

"म्हंजे आमच्या नणदा-जावाच की वं!"

अशाच एका मधल्या पेशीवर ती ते रसायन सोडायची, की टकटक थांबायची. त्या मे महिन्यात मात्र थांबेना. उंदीर मरत होते, टकटक चालूच. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझा हातच वाईट आहे. पंधरा दिवस देतो. नाही जमलं तर प्रबंध विसर, लग्न कर." आणि थुंकले.

पोरगी वह्या चाळत बसली. "मावशी, हे कधीपासून बिघडलं असंल?"

मला महिन्याच्या सुरुवातीची गोष्ट आठवली. पाणी फार तापतं म्हणून तीच कुरकुरली होती. मी मायेनं इतवारीच्या बाजारातून जस्ताची नवी बादली आणली, घरी करतो तसं भोवती ओलं पोतं गुंडाळलं, आणि काचेच्या बरणीतलं शुद्ध पाणी तिच्यात ओतून ठेवू लागले. प्रयोगाचं मिठाचं पाणी त्यातूनच व्हायचं. त्या दिवशी सकाळीच बादलीच्या तळाला पांढरी पूड दिसली होती. सांगावं तर माझी नोकरी जाते, न सांगावं तर हिचा प्रबंध.

"पोरी, मले शिव्या दे. पाणी मी बादलीत ठेवून राहिली होती."

ती उठून उभीच राहिली. "जस्त! मावशी, जस्त त्या दाराचं काम बिघडवते. मग रसायन लागून उपयोग काय?"

लगेच करून पाहिलं. बरणीच्या पाण्यात रसायन टाकलं, टकटक गप्प. बादलीच्या पाण्यात तेवढंच टाकलं, तरी टकटक चालूच.

साहेब आले, ऐकलं. 'हात वाईट' म्हणालेलं काही परत घेतलं नाही. उलट म्हणतात, "मला पहिल्याच दिवशी शंका आली होती."

"मग एवढे उंदीर काहून मारू दिले, सर?" पोरीनं विचारलं.

साहेबांच्या गालात खर्रा. ते बेसिनकडे वळले, तशी मी बादली त्यांच्यापुढे आणून ठेवली. "साहेब, आता इथं थुंका. पाण्याच्या कामाची तर ती राहिली नाही."

नोकरी टिकली. पोरीचा प्रबंधही झाला. आणि साहेब खरंच त्या बादलीत थुंकू लागले. ती रोज रिकामी करायचं काम कोणाकडे आलं? माझ्याचकडे. शी!