दोन फ्लॉप्या आणि एक जाळं

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासेमारीची जाळी विणणारा एक कारखाना होता. मुंबईत संगणकाचा कोर्स करून परतले आणि मी तिथे नोकरीला लागले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कारखान्यात एकच संगणक, त्यालाही हार्ड डिस्क नव्हती. फ्लॉपी घालायची, बटण दाबायचं. त्या फ्लॉपीवर जे असेल तेवढंच त्याला येई.

माझा प्रोग्रॅम बेसिक भाषेत होता. जाळ्याची लांबी-रुंदी आणि आसाचं, म्हणजे जाळ्याच्या एका डोळ्याचं, माप दिलं की कुठल्या भागात किती आस आणि किती दोरा ते तो सांगे. मग मुंबईहून एक इंजिनियर मॅडम बेसिकची नवी आवृत्ती घेऊन आल्या. तिच्यात आकृत्या काढता येत होत्या. मॅडमनी माझा प्रोग्रॅम तिच्यात चालवून पाहिला तर तो सुरुवातीलाच अडला. अडलेल्या ओळी बदलल्या, तर उत्तरं थोडी वेगळी यायला लागली.

"हा नीट बदलायला वेळ लागेल," मॅडम म्हणाल्या. "तोवर जुन्याला हात लावू नकोस."

"मग नवी भाषा ठेवायची कुठे?"

"दुसऱ्या फ्लॉपीवर. नुसती भाषा नाही हं. मशीन सुरू करणारी सिस्टिम, भाषा, तुझं काम, सगळं त्याच फ्लॉपीवर. एकीला दुसरीकडे काही मागायची वेळच येता कामा नये."

आम्ही दोघींनी बसून तशा दोन फ्लॉप्या तयार केल्या: एकीवर जुनी भाषा आणि माझा प्रोग्रॅम, दुसरीवर नवी भाषा आणि आकृती काढणारा छोटा प्रोग्रॅम. मॅडम मुक्कामाला होत्या तेवढ्यात मिरकरवाड्याच्या बंदरावरून एक म्हातारे तांडेल, मासेमारी होडीचे प्रमुख, आले. समुद्रातल्या खडपात, खडकांमध्ये, अडकून त्यांचं जाळं फाटलं होतं. तसंच नवं हवं होतं, पण त्याचा घेर नेहमीसारखा नव्हता, मागे निमुळता होत जाणारा. हातवारे करकरून ते सांगत होते आणि कारखान्याच्या साहेबांना काही केल्या कळत नव्हतं.

मी तांडेलांना एकेका भागाचं माप विचारून घेतलं आणि जुनी फ्लॉपी घालून ती मापं मशीनला दिली. आकडे छापून घेतले, मशीन बंद केलं आणि नवी फ्लॉपी घातली. पडदा उजळला तेव्हा आधीच्या आकड्यांचा मागमूस नव्हता. जे आकडे मशीनने आत्ताच मोजून दिले होते, तेच मी कागदावरून वाचून त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. ज्याच्याशी इतका वेळ बोलत होते, तो हाच का, असं मनात आलं.

"त्याला आधीचं काहीच आठवत नाही," मी मॅडमना म्हटलं.

"आठवायला नकोच आहे," त्या म्हणाल्या.

प्रिंटर करकरू लागला. कागदावर आधी रुंद तोंड उमटलं, मग एकेका ओळीने घेर आवळत गेला आणि शेवटी निमुळती शेपटी आली. तांडेल उठून जवळ आले. त्यांनी प्रिंटरवरून कागद फाडून घेऊ दिला नाही. बोट ठेवत ठेवत तोंडापासून शेपटीपर्यंत गेले.

"माझ्या बापाशीनं हाताने विणलेलं हां," ते हळूच म्हणाले. "ह्याला कुणी सांगितलं गो बाय?"

"तुम्हीच सांगितलंत, काका. तुमचीच मापं आहेत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा पाहिला. मग तांडेलांनी एके ठिकाणी बोट टेकवलं आणि म्हणाले, "हय जरा सैल हवं." मी पुन्हा जुनी फ्लॉपी घातली, नवे आकडे काढले, परत नव्या फ्लॉपीवर आकृती काढली. या वेळी त्यांनी मान हलवली.

त्या आकृतीवरून जाळं विणलं गेलं. पावसाळ्यानंतर ते होडीवर चढलं आणि तांडेल पापलेटांची पाटी घेऊन कारखान्यात आले.

माझा जुना प्रोग्रॅम पुढे नव्या भाषेत गेला, आकडेही जुळले. पण तांडेलांची आकृती काढली त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर मी एकटीच मागे थांबले होते. एक फ्लॉपी काढायची, दुसरी घालायची, बटण दाबायचं. प्रत्येक वेळी पडदा काळा होई आणि मी श्वास रोखून बघत बसे, आता कोण जागं होतंय ते.