हवालदारमामा आणि माझा डावा खांदा

आम्ही नेम धरला, की हवालदारमामा शेंगा फोडायला घेत. तेही अगदी आमच्या कानाशी उभं राहून. छर्रा भरकटला की वर त्यांचंच ऐकून घ्यावं लागे. "तिथं स्पर्धेला काय देवलात नेम धरायचा हाय? लोक खोकतील, शिंकतील, नावं ठेवतील. सवय कर!"

मामा मूळचे तळवली गावचे. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता आम्हा चौघी मुलींचे प्रशिक्षक. आशियाई स्पर्धेसाठी देशाचा महिला रायफल संघ तयार व्हायचा होता, आणि त्यासाठी आमच्या वाट्याला आली होती रबाळ्यातल्या एका कारखान्याची रिकामी शेड. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर प्रेस मशीन आदळे. आम्ही कुरकुरलो, तर मामा म्हणाले, "पोटापान्याचा काम चाललाय त्यांचा. आपुन कोन त्यांना गप करनार?"

मी डावखुरी. घरी डाव्या हाताने घास घेतला की आईचा धपाटा ठरलेला. इथे बाकीच्या तिघी उजव्या खांद्याला रायफल लावत, त्यामुळे त्या सगळ्या एका बाजूला वळून उभ्या राहत आणि मी एकटी उलटी. शेजारच्या निर्मलाच्या मी अगदी समोरासमोर येई. पंगतीत डावखुरा माणूस शेजाऱ्याला ढोपर मारतो ना, तशातली गत. नेम धरताना डोळ्याच्या कोपऱ्यात माझं तोंड दिसतं आणि हसू येतं, ही निर्मलाची तक्रार. मामांनी रोज सकाळी आम्हा दोघींना रिकाम्या रायफली घेऊन तसंच उभं करायला सुरुवात केली. जी आधी हसेल तिने शेड झाडायची. पहिला आठवडाभर शेड अशी काही लख्ख होती, की कारखान्याचे लोक बघायला येत. मग आमचं हसू आटलं.

निवडीच्या आधी समितीचे एक साहेब पाहणीला आले. माझ्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हवालदार, हिला राइट हॅन्डवर आणा. देशाची टीम कशी एका लाइनीत दिसली पाहिजे. नाहीतर राखीव मुलगी घेतो."

ही संधी परत येणार नव्हती. मी मुकाट्याने रायफल उजव्या खांद्याला लावली. मामा तरातरा आले, ती माझ्याकडून काढून घेतली आणि माझ्या डाव्या खांद्याला टेकवली.

"सायेब, नेम मारायचा हाय का कवायत करायची हाय? ही डावरीच उभी र्‍हानार."

"मग संघाबरोबर तुमचं नाव नसेल."

"नका नेव मला. हिला न्या. आधी नेम तर बघा हिचा."

साहेबांनी तिथल्या तिथे चाचणी लावली. प्रेस मशीन आदळत होतं, समोर निर्मला होती, आणि माझ्या अंगात नुसता संताप होता. त्या दिवशी मी चौघींत पहिली आले. साहेब गाडीत बसून निघून गेले.

संघ जाहीर झाला तेव्हा त्यात माझं नाव होतं, मामांचं नव्हतं. प्रशिक्षक म्हणून दुसऱ्याच कोणाला पाठवत होते. मी तणतणत तळवली गाठली आणि सांगितलं, "तुम्ही नाही, तर मीही नाही."

मामा असे भडकले, की मी दोन पावलं मागे सरले. "मंग मी तोंड कशाला वाजवला? तुज्यासाठी भांडलो, घरी बसवायला नाय! तू नाय गेलीस तर तो सायेब जिकला."

मी गेले. डाव्या खांद्याने खेळले. पदक मिळालं नाही. परतल्यावर मान खाली घालून मामांच्या ओटीवर जाऊन बसले. मिळालेले गुण सांगायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"कोनी खांदा बदलायला सांगितला?"

"सांगितला. नव्या सरांनी, पहिल्याच दिवशी."

"मंग?"

"नाही बदलला."

मामांनी आत वळून बायकोला जोरात हाक मारली, "आयकलंस का गो? पोरगी जिकून आली!"